छपरावरचे कारकून

कागदावर ते सगळे कारकून होते. फायली लावणारे, फोन घेणारे, पत्रं टाइप करणारे. प्रत्यक्षात मात्र ते दवाखान्याच्या नव्या इमारतीच्या छपरावर भर उन्हात गुडघे टेकून डांबराचे पट्टे चिकटवत होते. ताई फाटकातून आत आली, कपाळावर आडवा हात धरून तिने वर पाहिलं आणि शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या मुकादमाला म्हणाली, “तुमचं ऑफिस छान हवेशीर आहे हो.”

मुकादमाला हसावं की सटकावं ते समजेना. शेवटी तो दोन्हींच्या मधलं काहीतरी करून गेला, म्हणजे खोकला.

“पाणी देऊ का, बाई?”

“द्या की. आणि वरच्या कारकुनांनाही खाली बोलवा. एकेक करून, सावकाश. शिडीवर घाई करू नये, असं माझे वडील सांगतात.”

ताई पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, आवाजाने खणखणीत. जिल्हा सरकारी वकिलांच्या कार्यालयात ती तपासनीस होती. बांधकामावरच्या कामगारांच्या नुकसानभरपाईच्या विम्यात जी लबाडी चालते ती शोधून काढणं, हे तिचं काम. चार लोकांत कुणी “आपण काय करता?” असं विचारलं आणि तिने हे सांगितलं, की ऐकणारा मान डोलावून हळूच दुसरीकडे वळायचा. पण ताई अशी सोडणाऱ्यातली नव्हती. ती त्याच्या कोपराला धरून त्याला परत आपल्याकडे वळवायची.

“हे बघा,” ती म्हणायची, “माणूस कामावर पडला, हातपाय मोडले, तर दवाखान्याचा खर्च आणि घरी बसावं लागेल त्या काळाचा पगार विमा देतो. त्याचा हप्ता मालकाने भरायचा. काम जितकं धोक्याचं, तितका हप्ता मोठा. खुर्चीवर बसणाऱ्याचा नखाएवढा, छपरावर चढणाऱ्याचा डोंगराएवढा. मग हुशार मालक काय करतो? छपरावरच्या माणसाला कागदावर खुर्चीत बसवतो. हप्ता वाचला, टेंडर स्वस्तात भरता आलं, काम खिशात. आणि माणूस पडला की हाच मालक विचारतो, आमचा कारकून मुळात छपरावर गेलाच कशाला?”

एवढं ऐकल्यावर बहुतेकांना तहान, भूक, घरची आठवण, सगळं विसरून आणखी ऐकावंसं वाटायचं.

हा विषय तिने पुस्तकातून उचलला नव्हता. तिचे बाबा छपरावरच काम करायचे. ती शाळेत असताना ते एका गोदामाच्या पत्र्यावरून खाली आले आणि त्यांचं कंबरेचं हाड मोडलं. त्यांचा मालक जिभेने फार वाईट होता. कामगारांची आई-बहीण काढल्याशिवाय त्याचा दिवस उजाडायचा नाही. पण विमा त्याने चोख भरला होता. बाबा किती तरी महिने पलंगावर होते आणि तेवढे महिने घरात चूल पेटत राहिली, फी भरली गेली, कुणापुढे हात पसरावा लागला नाही. भरपाईच्या कार्यालयात ताई आईबरोबर जायची. खिडकीतला माणूस “बसा बाई, उभ्या का?” म्हणायचा. आपण मागायला आलेलो नाही, आपलं घ्यायला आलोय, हे त्या एका वाक्याने तिला लहानपणीच कळलं. बाबा पुढे लंगडत का होईना, चालायला लागले. छपरावर चढणं संपलं, पण धाकट्याला, म्हणजे ताईच्या भावाला, त्यांनी अंगणात बसून सगळा धंदा शिकवला. उतार कसा काढायचा, जोड कुठे घ्यायचा, पाणी कुठून शिरतं आणि कुठून शिरल्यासारखं दाखवतं.

ताई शिकली आणि एका विमा कंपनीत लागली. जखमी असल्याचं सांगणारे खरंच जखमी आहेत का, ते बघायचं. यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मानेला पट्टा बांधून भरपाई खाणारा एक गवंडी तिला सुट्टीच्या दिवशी मैदानावर सापडला, फुटबॉलच्या सामन्यात गोलरक्षक म्हणून. ती पूर्ण सामना त्याच्या जाळीमागे उभी राहिली. शिट्टी वाजल्यावर तिने विचारलं, “मान कशी आहे आता?” गवंड्याने वळून पाहिलं, तिला ओळखलं आणि हातमोजे काढत म्हणाला, “बाई, निदान खेळ कसा झाला तेवढं तरी सांगा.” खेळ चांगला झाला होता. तसं तिने सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई बंद केली.

पण वर्षं गेली तशी तिला एक गोष्ट खुपायला लागली. असा गोलरक्षक एखादाच निघायचा. ज्यांचे हातपाय खरंच मोडले होते आणि ज्यांचा अर्जच कधी कार्यालयापर्यंत पोचला नाही, अशांची मात्र गणतीच नव्हती. त्यांची नावंच कुठे नव्हती. त्यामुळे सरकारी वकिलांच्या कार्यालयात या कामासाठी वेगळा कक्ष निघतोय असं कळताच तिने कंपनीची बरी नोकरी सोडली आणि कमी पगारावर इकडे आली. नवऱ्याने फक्त एवढंच विचारलं, “तिकडे तरी घरी वेळेवर येशील का?” ती म्हणाली, “नाही.” त्यावर तो म्हणाला, “मग काही फरकच नाही. घे.”

कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली. दोन टेबलं, एक कपाट, आणि चौथ्या गियरमध्ये टाकली की कण्हणारी एक जुनी गाडी. माणसं दोनच. ताई, आणि पोलिसातून निवृत्त झालेले जमादार. जमादार कमी बोलायचे आणि उभे राहिले की दार झाकलं जायचं. हा सगळा संसार चालायचा अनुदानावर. सगळ्या मालकांच्या हप्त्यांतून थोडासा भाग एका निधीत जायचा. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्याने त्या निधीकडे हात जोडून जायचं, आम्ही काय केलं आणि काय करणार ते सांगायचं, आणि समिती देईल तेवढ्यात वर्ष काढायचं.

त्या वर्षी निधी आटला होता. वकीलसाहेबांनी ताईला बोलावून घेतलं. साहेब सरळ मनाचे, पण समितीचं नाव निघालं की ते आकडे मोजायला लागायचे.

“ताई, समितीला आकडे हवेत. गेल्या वर्षी किती पकडले, यंदा किती पकडले. तुमची एकेक केस वर्षभर चालते. त्यापेक्षा ते पाठदुखीवाले बघा ना. आठवड्याला एक मिळेल. कॅमेरा घ्या, माणूस पोतं उचलताना टिपा, झालं.”

“मिळेल तेव्हा टिपतेच की, साहेब. लबाड तो लबाड. पण गळती तिथे नाही. ठिबकणाऱ्या नळाखाली बादली ठेवायची आणि टाकी फुटलीय तिकडे बघायचंच नाही, असं कसं चालेल?”

“टाकी कुणी फोडलीय ते सापडलंय का?”

तेवढंच सापडलं नव्हतं. गावातल्या छपराच्या कंत्राटदारांचे कागद एकाच हातचे वाटतात, हे तिच्या आणि जमादारांच्या केव्हाच लक्षात आलं होतं. तेच कारकून, तेच माळी, तोच शिपाई. कुणीतरी एकच माणूस सगळ्यांना हा मार्ग विकत होता. दवाखान्याच्या छपरावरून उतरलेल्या कारकुनांनी आपापली कामं खरी सांगितली होती, पण कागद कुणी भरले ते त्यांना कुठून माहीत असणार? आणि त्यांच्या मालकाने तोंडाला कुलूप लावलं होतं.

“सापडेल,” ती म्हणाली. उगाच धीर द्यायचा म्हणून नव्हे. तिला खरंच तसं वाटत होतं.

सापडलं. पण जिथे सापडलं तिथे तिने शोधलंही नसतं.

धाकटा आता स्वतः कंत्राटदार होता. खाली गोदाम, त्यात डांबराच्या गुंडाळ्या, शिड्या आणि दोर. वर राहायचं घर. बाबा त्याच्याकडेच असत. धंद्याचे हिशेब भावजय बघायची, आणि ती बघते म्हणून धंदा टिकून आहे, असं धाकटा स्वतःच सगळ्यांना सांगायचा. सुट्टीच्या दिवशी ताई आणि तिचा नवरा तिकडे जेवायला जायचे. त्या दिवशीही सगळे टेबलाशी बसले होते. भावजय वाढता वाढता थांबली आणि एक डबा पुढे ओढून म्हणाली, “थांबा, आधी लंबूच्या घरचं काढून ठेवते.”

लंबू म्हणजे धाकट्याचा सगळ्यात जुना कारागीर. ताईने सहज विचारलं, “त्याला काय झालं?”

“हात मोडलाय ना. मनगट आणि कोपर, दोन्ही.”

“अगंबाई! कुठे पडला?”

धाकटा ताटात बघत म्हणाला, “घरी. जिन्यावरून.”

“हो, जिन्यावरून,” भावजय डबा बंद करत म्हणाली. “मऊसाहेब म्हणाले, जिनाच सांगा.”

बाबांच्या हातातला चमचा ताटावर वाजला. ताईच्या नवऱ्याने, आपण इथे नसतो तर किती बरं झालं असतं, अशा चेहऱ्याने पाण्याचा घोट घेतला. मऊसाहेब कोण, हे ताईला ठाऊक होतं. विम्याचे कागद करून देणारा, हळू आवाजात बोलणारा, सगळ्यांची विचारपूस करणारा गोड गृहस्थ. खरं नाव कुणी घेत नसे, मऊसाहेब म्हणूनच गाव त्याला ओळखायचं. त्या क्षणी ताईच्या डोक्यात वर्षभराचे सगळे कारकून आणि माळी एका रांगेत येऊन उभे राहिले.

तिने जेवण पूर्ण केलं. मग हात धुऊन ती म्हणाली, “धाकट्या, खाली चल. गोदाम दाखव मला.”

गोदामात डांबराचा वास भरला होता. धाकट्याने दिवा लावला आणि एका गुंडाळीवर टेकला. ताई उभीच राहिली.

“किती दिवस चाललंय हे?”

“गेल्या वर्षापासून.” त्याने लपवालपवी केली नाही. “तुला काय माहीत, ताई, बाहेर काय चाललंय! प्रत्येक टेंडर मी हरतोय. मी माझ्या माणसांना छपरावरचे म्हणून दाखवतो, समोरचा त्याच्या माणसांना माळी म्हणून दाखवतो. त्याचा भाव माझ्याखाली येणारच. मी काय करू? खरेपणाचं लोणचं घालू? माणसं कमी करायची वेळ आली होती. लंबूला घरी बसवलं असतं, तर तू आली असतीस का त्याची चूल पेटवायला?”

“आता बसलाच आहे ना घरी? हात मोडून.”

“पगार देतोय मी त्याला! पूर्ण देतोय. डबाही जातोय, बघितलास ना.”

“आणि कोपर वाकलं नाही तर? पुढच्या वर्षीही डबा पाठवशील? त्याच्या पुढच्या वर्षी? उद्या तुझा धंदा बुडाला तर?” तिचा आवाज चढला नव्हता. “आपल्याकडे बाबा पलंगावर होते, तेव्हा कुणाच्या मेहरबानीचा डबा आला नव्हता. हक्काचं यायचं.”

धाकट्याने दोराचं टोक सोडवलं आणि परत पिळलं. मग म्हणाला, “तू काय करणार?”

“उद्या सकाळी ऑफिस उघडलं की साहेबांना सांगणार. तू माझ्या आधी आलास तर तुझ्या पायाने आलास असं होईल. नंतर आलास तर आणलं असं होईल. तिसरा काही मार्ग माझ्याकडे नाही.”

“माझी सख्खी बहीण तू!”

“म्हणूनच तर आज सांगतेय. दुसऱ्या कुणाला हेही सांगितलं नसतं.”

ती घरी गेली. घराशी आल्यावर नवरा म्हणाला, “तू बरोबर आहेस, म्हणून मला जास्त वाईट वाटतंय.” ताईलाही वाईट वाटत होतं. भावाचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. पण काय करायचं याबद्दल तिच्या मनात एक कणही शंका नव्हती, आणि त्या गोष्टीचा तिला आधार होता.

सकाळी धाकटा आला नाही. ताईने वकीलसाहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“भावाला आधी सांगायला नको होतं तुम्ही. त्याने रातोरात सगळं आवरलं असेल.”

“चुकलंच. तेवढं बहीण म्हणून केलं. यापुढे ही केस माझी नाही. जमादारांकडे द्या. आणि शेजारच्या जिल्ह्यातून एखादा तपासनीस मागून घ्या. मऊसाहेबाच्या कुठल्याही कागदाला मी हात लावणार नाही. कपाटाची किल्ली ही घ्या.”

“समितीची मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे, ताई. वर्षातली सगळ्यात मोठी केस, आणि तुम्ही तिच्यातून बाहेर?”

“केस मोठी आहे ना? मग ती कुणीही केली तरी मोठीच राहील.”

पुढचे काही दिवस फार जड गेले. समोरच्याच टेबलावर जमादार कागद उलटत बसायचे आणि ती दुसरीकडे तोंड करून दवाखान्याच्या छपराचा अहवाल लिहायची. जमादारांचा उसासा ऐकला की तिची लेखणी थांबायची, पण विचारायची सोय नव्हती. एकदा न राहवून तिने म्हटलंच, “जमादार, निदान चांगला उसासा आहे की वाईट, एवढं तरी सांगा.” जमादार म्हणाले, “चहा गार झालाय.” आणि पान उलटलं.

धाकटा आला तो आठवडा संपताना. त्याच्या मागून भावजय, हातात हिशेबांची जाडजूड पिशवी. त्याने आठवडाभरात काहीच आवरलं नव्हतं. आवरायचं तिच्या हातात होतं आणि तिने पिशवी सोडली नव्हती. ताई उठून बाहेर व्हरांड्यात गेली. आत बसणं योग्य नव्हतं. जरा वेळाने भावजय पाणी प्यायला बाहेर आली, तिच्या शेजारी बाकावर बसली.

“वन्सं, रागावलात?”

“तुझ्यावर कशाला? तुझ्या तोंडून चुकून निघालं.”

भावजयीने तिच्याकडे अशी नजर टाकली, की ताईला आपण तपासनीस आहोत याचीच शंका आली.

“चुकून? माझ्या तोंडून कधी काही चुकून निघालंय? वर्षभर मी ह्यांना सांगतेय, हे अंगाशी येईल म्हणून. ऐकत नव्हते. लंबूच्या बायकोपुढे डबा धरताना माझी मान वर होत नाही. म्हटलं, तुमच्या आणि मामंजींच्या समोर एकदा होऊन जाऊ दे. तुमचं ताट वाढलेलं होतं, म्हणजे उठून जाणं कुणालाच जमणार नव्हतं.”

ताई खो-खो हसली. त्या आठवड्यातलं तिचं पहिलं हसणं.

“तरी यायला एवढे दिवस?”

“मामंजींनी आणलं म्हणायचं. ते ह्यांच्याशी बोलेनातच. काल ह्यांनीच विचारलं, बाबा, काही तरी बोला. तर म्हणाले, मी पडलो तेव्हा माझ्या मालकाने मला छपरावरूनच पडू दिलं होतं. तू त्या बिचाऱ्याला जिन्यावरून पाडलंस. बस, एवढंच. आज सकाळी हे स्वतःच गाडीत जाऊन बसले.”

धाकट्याने सगळं सांगितलं. मऊसाहेब महिन्याच्या महिन्याला येऊन बसायचा, मुलांची चौकशी करायचा, आणि कुणाला माळी करायचं, कुणाला कारकून, ते ठरवून द्यायचा. कुणी पडलं तर काय बोलायचं तेही तोच पढवायचा. अमक्या कंत्राटदाराने जिना सांगितला म्हणून तुम्ही सायकल सांगा, एवढी त्याची बारीक नजर. धाकटा बोलला म्हटल्यावर दुसरा बोलला, मग दवाखान्यावाल्यानेही तोंडाचं कुलूप काढलं. लंबूचा अर्ज छपरावरचा कामगार म्हणून, खऱ्या जागेसह, खऱ्या तारखेसह दाखल झाला.

मुलाखतीच्या दिवशी ताई आणि वकीलसाहेब मोठ्या टेबलाच्या एका बाजूला बसले. समोर समिती. अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीश बाई, त्यांच्या एका हाताला विमा कंपन्यांचा माणूस, दुसऱ्या हाताला कंत्राटदार संघटनेचा प्रतिनिधी. वकीलसाहेबांनी आदल्या दिवशी ताईला विनवलं होतं, भावाचा विषय आपण होऊन काढू नका, विचारलं तर बघू. ताईने तेव्हाच सांगितलं होतं की काढणार. आणि तिने तो सगळ्यात आधी काढला.

“यंदाची आमची सगळ्यात मोठी केस मी केलेली नाही,” ती म्हणाली. “मी तिच्यातून बाहेर आहे, कारण तिच्यात सगळ्यात आधी बोललेला कंत्राटदार माझा धाकटा भाऊ आहे. हे तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.”

संघटनेचा प्रतिनिधी पुढे झुकला. “म्हणजे तपासनिसाच्या घरातच लबाडी, आणि वर तुम्ही आमच्या सभासदांच्या हप्त्यातून पैसे मागताय? का द्यावेत?”

“तुमच्या सभासदांसाठीच मागतेय,” ताई म्हणाली. “माझा भाऊ लबाड जन्मला नव्हता. तो खरे हप्ते भरायचा आणि प्रत्येक टेंडर हरायचा. समोरच्याला पकडायला आम्ही दोन माणसं, अख्ख्या जिल्ह्यात. आम्ही पोचायच्या आत तो थकला. मी त्याला माफ करत नाही, दंड त्याला पडेल आणि पडायलाच हवा. पण तुमच्यातले किती जण आज थकायच्या बेतात आहेत, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ते थकायच्या आत कुणीतरी पोचायला हवं. त्यासाठी माणसं लागतात, आणि माणसांना पगार लागतो. दुसरं कारण माझ्याकडे नाही.”

प्रतिनिधी मागे टेकला. विमा कंपनीवाल्याने पाठदुखीवाल्यांचं विचारलं, तेव्हा तिने गोलरक्षकाची गोष्ट सांगितली आणि अध्यक्षबाईंनी तोंडावर रुमाल धरला. शेवटी बाई म्हणाल्या, “तुम्हाला काढून टाकलं तर कक्षाचं काय होईल?”

“जमादार आहेत. बोलत नाहीत, पण सोडतही नाहीत. बाकी, बाई, एका माणसावर कक्ष उभा असणं हे मलाही पसंत नाही.”

अनुदान मंजूर झालं. मागितलं होतं त्यापेक्षा कमी, पण गेल्या वर्षीपेक्षा जास्त. आणि एक अट घातलेली: तिसरा तपासनीस नेमायचा, तो बाहेरगावचा हवा आणि ताईच्या हाताखाली नको. ताईने अट वाचली. थोडं झोंबलं. मग ती स्वतःच कपाट सरकवायला उठली, कारण जिन्याखालच्या खोलीत तिसरं टेबल बसवायचं म्हणजे कपाट हलवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

पुढचं सगळं एका दमात झालं नाही. मऊसाहेबाने न्यायालयात आधी हळू आवाजात नाकारलं, मग तितक्याच हळू आवाजात कबूल केलं. त्याचा परवाना गेला आणि तो तुरुंगात गेला. कंत्राटदारांना बुडवलेले हप्ते दंडासकट भरावे लागले. काही जण त्यातून सावरले, काहींनी धंदा बंद केला. धाकट्याने एक गाडी विकली आणि एक वर्ष बारीकसारीक दुरुस्त्यांवर काढलं. ताईशी तो कामापुरतं बोलायचा. सुट्टीची जेवणं चालू होती, पण पूर्वीसारखी थट्टा नव्हती, आणि ताईनेही ती ओढून आणली नाही. लंबूचं कोपर पूर्ण वाकेना. त्याला भरपाई मिळाली, त्यातून त्याच्यावर आणखी एक शस्त्रक्रिया झाली, आणि आता तो खाली उभा राहून वरच्यांना दोर पुरवतो आणि सगळ्यांना सुरक्षेचा पट्टा बांधायला लावतो. पट्टा न बांधता कुणी शिडीला पाय लावला, की त्याचा आवाज दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जातो.

तिसरी तपासनीस आली. तरुण, गंभीर, ताईच्या विनोदांवर अजिबात न हसणारी. पहिले काही दिवस ताईला त्याचा त्रास झाला. मग त्या मुलीने एकटीने परांच्या बांधणारा एक कंत्राटदार असा पकडला, की जमादारांनी आपणहून तिला चहा पाजला. जमादारांनी स्वतःहून कुणाला चहा पाजल्याचं ताईने तोवर पाहिलं नव्हतं.

आणि मग एका दुपारी ताईच्या टेबलावरचा फोन वाजला. धाकटा होता. वाचनालयाच्या छपराचं टेंडर त्याने भरलं होतं.

“ताई, समोरच्याचा भाव बघितलास? एवढ्यात तर डांबरसुद्धा येत नाही! तो माणसांना काय म्हणून दाखवतोय कोण जाणे, पक्षी म्हणून दाखवतो की काय! मी खरे हप्ते धरून टेंडर भरलंय, आणि हा…”

“ओरडू नकोस. तक्रार करायचीय का?”

“करायचीय म्हणजे काय! लेखी करणार. आत्ता येतो तुझ्याकडे.”

“माझ्याकडे नाही,” ताई म्हणाली आणि हसू दाबत तिने फोन तिसऱ्या टेबलाकडे पुढे केला. “घ्या हो, तुमच्यासाठी आहे. कंत्राटदार आहे. थोडा तापट आहे, पण हल्ली खरं बोलतो.”